छाटणीनंतरचा ३६वा दिवस

तासगाव तालुक्यात माझ्या मामांची अडीच एकर द्राक्षबाग आहे, आणि जवळजवळ बागेइतकीच जुनी त्यांची वही. किराणा दुकानात उधारीची असते तसली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्या डाव्या समासात तारीख नसते, छाटणीनंतरचा कितवा दिवस तो आकडा असतो. द्राक्षवाल्यांचं कॅलेंडर असंच चालतं. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठीची छाटणी, झाली की मोजणी शून्यापासून, ऑक्टोबरात फळांसाठीची फळछाटणी झाली की परत शून्यापासून. आकड्यापुढे एखादी ओळ. ‘पाणी दोन तास.’ ‘भुरी दिसली.’ ‘टोळी आली नाही.’ बस. (भुरी म्हणजे बुरशीचा रोग, टोळी मजुरांची.)

कित्येक वर्षं मला तो नुसता हिशेब वाटायचा. मी सांगलीत शाळेत विज्ञान शिकवतो. रोज काही ना काही वाचतो, आवडलेलं फोनमध्ये साठवतो आणि साठवलेलं सहसा परत उघडत नाही. मामांची वही काय, माझा फोन काय, दोन्ही पोटमाळेच. टाकायचं आणि विसरायचं, अशी माझी समजूत होती. एका दिवाळीत ती मोडली.

फळछाटणी होऊन तीनेक आठवडे झाले होते. डोळे फुटून घड दिसायला लागले होते. शेजारच्या वस्तीवरची तीन-चार पोरं फराळाच्या निमित्ताने आली आणि विषय अर्थातच बागेवर गेला. मामा रंगात येऊन सांगत होते, की ऑक्टोबरात जे घड दिसतात ते काही ऑक्टोबरात तयार होत नाहीत. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, काडीवरच्या डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो. त्या वेळी डोळ्याला ऊन मिळालं, काडीत अन्नसाठा झाला, तर घड. नाहीतर नुसती पानं आणि बाळी, म्हणजे वेल आधाराला गुंडाळतो तो तंतू. पोरं माना डोलवत होती. मग त्यातला एकजण म्हणाला,

“आप्पा, ते बरोबर हाय. पण तुमच्या वरच्या पट्टीला काडीला दोन-दोन घड दिसत्यात, खालच्या पट्टीला एकसुद्धा धड न्हाई. छाटणी एकाच दिशी केली, खत त्येच, पाणी त्येच. मग आसं का?”

मामा गप्प झाले. हातातली करंजी परत ताटात ठेवली. “थांब,” म्हणाले, “वही बघू दे.”

एप्रिल-मेची पानं उलटत उलटत ते एका ओळीपाशी आले. ‘दि. ३६. खालची पट्टी विरळणी राहिली. टोळी नाही.’ पुढे ‘दि. ४८. विरळणी झाली.’ विरळणी म्हणजे जादा फुटी काढणं. बारा दिवस खालच्या पट्टीत फुटींची गर्दी तशीच होती. पानांवर पानं, खाली काळोख, आणि नेमके तेच दिवस डोळ्यात घड ठरायचे. ओळ स्वतःच्याच हाताने लिहिलेली. पण लिहिताना ती टोळीवरच्या रागाची होती, घडांबद्दलची नव्हती.

कारण मे महिन्यात आणि परिणाम ऑक्टोबरात. एवढं अंतर माणसाच्या डोक्याला पेलत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या ते स्वतःच पाठ करायचे, मग काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते बघायचे. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचत. महिन्यानंतर एक पंचमांश. विसरण्याचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच उरकतो, नंतर घसरण मंदावते.

पण मला यापेक्षा चार्ल्स डार्विन यांची सवय जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात किंवा डोक्यात आली, की ती ते ताबडतोब टिपून ठेवायचे, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी फार लवकर विसरल्या जातात, असा त्यांचा अनुभव होता. आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय. आमच्याकडे कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या बाकावर अर्धा तास बसा, डार्विनचं म्हणणं पटेल. ज्या फवारणीनंतर रोग हटला ती प्रत्येकाला तारखेसकट पाठ असते. ज्या तीन फवारण्या पाण्यात गेल्या त्या कुणालाच आठवत नाहीत. वही ही आपल्या सोयीच्या आठवणींवरची पहारेकरीण.

तरी लिहिणं हे निम्मंच काम झालं, हे त्या दिवाळीत दिसलं. ओळ वहीत पाच महिने होती. ती जागी झाली ती कुणीतरी प्रश्न विचारला तेव्हा.

यावर एक छान प्रयोग आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग उतारा न बघता, आठवेल ते कोऱ्या कागदावर तीनदा लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. माझ्या वर्गात परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक चार-चार वेळा ‘नजरेखालून घालणारी’ मुलं मला नेमकी याच भरवशाने फसलेली दिसतात. आणि मी तरी काय वेगळं करत होतो?

त्याची झडती डिसेंबरात झाली. मणी ज्वारीएवढे झालेले. बागेत डिपिंग चाललं होतं, म्हणजे जीएच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा. मामांनी सहज विचारलं, हे जीए करतं काय? मला बोलायला निमित्तच हवं होतं. म्हटलं, जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, झाडातलं वाढीचं संजीवक. बियांच्या द्राक्षात ते बी पुरवतं. आपली जात बिनबियांची, म्हणून मणी मुळात बारीक. तेव्हा बाहेरून दिलं की मण्यातल्या पेशी ताणतात, मणी लांबतो, फुगतो. जपानात भाताच्या एका रोगात रोपं भसाभसा उंच व्हायची आणि पडायची, त्या रोगाच्या बुरशीतून हे द्रव्य हाती लागलं. सगळं बरोबर होतं. मी खूश.

मामा घड बुडवता बुडवता म्हणाले, “मग मे महिन्यात काडीत ह्येच वाढलं की घडाची बाळी हुती म्हणत्यात, ते का? हितं मणी फुगवतंय आन् तितं घडच खातंय?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

या अडण्यावरही प्रयोग झालाय. येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये लोकांना विचारलं, की शिलाई मशीन, कुलूप, कपड्याची चेन या वस्तू कशा चालतात ते तुम्हाला किती समजलंय? लोकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग सांगितलं, आता पायरी-पायरीने समजावून लिहा. लिहून झाल्यावर त्यांनीच आपले गुण कमी केले. समजल्याचा भास आणि समज, दोन्ही आतून सारखंच वाटतं. फरक कळतो तो समजावायला बसल्यावर. त्यातही आपल्यासारखंच वाचलेल्या माणसापुढे बसून उपयोग नाही, तो मान डोलावतो. मामांसारखा माणूस हवा, ज्याच्या हातात घड आहे.

रात्री घरी येऊन वाचत बसलो. उत्तर मला वाटलं त्यापेक्षा सुंदर निघालं. डोळ्याच्या आत सुरुवातीला जो बारीक कोंब तयार होतो, त्याने घड व्हायचं की बाळी, हे ठरलेलंच नसतं. दोघांचं मूळ एक. सायटोकायनिन नावाचं संजीवक त्याला घडाकडे ओढतं, जिबरेलिन बाळीकडे. १९७८ च्या सुमारास श्रीनिवासन आणि मुलिन्स यांनी प्रयोगशाळेत बाळ्यांना सायटोकायनिन देऊन त्यांच्यापासून फुलांचे घोस तयार करून दाखवले. पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस यांना द्राक्षाचा एक बुटका वेल मिळाला. एका जनुकातल्या बदलामुळे त्याला जिबरेलिनची दाद नव्हती, आणि जिथं बाळ्या यायच्या तिथं त्याला घड आले होते. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हातही याच कुळातलं जनुक बदललेलं आहे. म्हणजे संजीवक एकच, पण डोळ्यातल्या कोंबाला आणि वाढत्या मण्याला त्याचा निरोप वेगवेगळा पोचतो.

हे सगळं फोनमध्ये साठवलं असतं तर तिथंच राहिलं असतं. रविवारी मामांना सांगायचं होतं म्हणून कागदावर, माझ्या शब्दांत, इंग्रजी शब्द टाळून लिहिलं. तीनदा खोडलं. (हाताने लिहावं की टाईप करावं हा वाद इथे येतोच. म्यूलर आणि ओपेनहाइमर यांच्या २०१४ च्या गाजलेल्या अभ्यासात हाताने टिपणं काढणारे सरस ठरले, कारण लॅपटॉपवाले ऐकलं तसंच्या तसं उतरवत होते. २०१९ मध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तेवढा स्पष्ट आला नाही. तेव्हा पेनाचा अभिमान बेतानेच बाळगावा. उतरवणं आणि मांडणं यात फरक आहे, एवढं मी त्यातून घेतो.)

तेव्हापासून मामांच्या वहीतही बदल दिसतो. ओळींच्या शेवटी ‘पान ४१ बघ’ असं यायला लागलंय. निक्लास लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीवर नंबर आणि दुसऱ्या चिठ्ठीचा पत्ता. मामांना त्यांचं नाव सांगितलं तर म्हणाले, “त्येला बाग नसंल.” शेवटच्या पानावर मात्र त्यांनी आता पोरांचे प्रश्न लिहायला घेतलेत, विचारणाऱ्याच्या नावासकट. उत्तर सापडलं की पुढे पानाचा नंबर. न सापडलेले प्रश्न उघडेच. दिवाळीला पोरं आली की वही आधी तिथं उघडते.

खालच्या पट्टीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सावलीमुळेच घड गेले हे कशावरून? खालची जमीन भारी आहे, ओढ्याचा ओलावा आहे, तेही कारण असू शकतं. म्हणून पुढच्या एप्रिलात त्यांनी वरच्या चांगल्या पट्टीतल्या दोन ओळी निवडल्या, खांबांना लाल चिंध्या बांधल्या आणि तिथली विरळणी मुद्दाम बारा दिवस लांबवली. मामी म्हणाल्या, हाताने नुकसान करून घ्यायची ही कुठली तऱ्हा. तेच बारा दिवस आभाळ भरून राहिलं, वळवाने झोडपलं, चिंधीवाल्या आणि बिनचिंधीच्या ओळींना सारखाच काळोख मिळाला. ऑक्टोबरात दोन्हीकडे घड सारखेच कमी.

मी वही बघितली. ‘दि. ४८. ढग. कळलं नाही.’ आणि चिंध्या अजून खांबांना तशाच आहेत.