सीडीची नाजूक बाजू कोणती?

जुनी सीडी विकत घेताना लोक ती उलटी करून चकचकीत बाजूवरचे ओरखडे तेवढे बघतात. छापील बाजू म्हणजे नुसतं झाकण, हा समज सीडीइतकाच जुना, आणि चुकीचा.

सीडी १.२ मिमी जाड असते आणि ती जवळजवळ सगळी जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका टणक प्लॅस्टिकची. गाणं असतं अगदी वर, छपाईच्या लगेच खाली: सूक्ष्म खाचा, त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर, वर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारख्या लेपाचा हात. बस्स! लेसर खालून येतो, पण त्याचा फोकस या थरावर असतो. त्यामुळे खालचा बारीक ओरखडा त्याला धूसरच दिसतो. थोडीफार हुकलेली माहिती प्लेअर भरून काढतो. मात्र ट्रॅकच्या, म्हणजे खाचांच्या गोल फिरत जाणाऱ्या रांगेच्या दिशेने गेलेला गोलाकार ओरखडा सलग माहिती खातो. म्हणून पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्यायचं, गोल फिरवायचं नाही.

खालचा ओरखडा पॉलिश करून जातो. वरून बॉलपेनने नाव कोरलं आणि ॲल्युमिनियम खरवडलं, की ती माहिती गेलीच.

घेण्याआधी डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथे धातू उरलेला नाही. (काही डिस्कचा थर मुळातच पातळ असतो, सगळीकडून सारखा उजेड आला तर घाबरू नका.) डीव्हीडीत मात्र माहितीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून तिची छापील बाजू इतकी नाजूक नसते.