बेळगावच्या जुन्या वसाहतींतील दाट बांधकामास विरोध

बैठ्या घरांच्या किंवा बंगल्यांच्या वस्तीत जुने घर पाडून, क्वचित दोन-तीन भूखंड एकत्र करून, बहुमजली सदनिका बांधण्यास शेजारच्या रहिवाशांनी केलेला संघटित विरोध. बेळगाव शहरात तो मुख्यतः टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर या वसाहतींत आणि शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत आढळतो. बोलीत त्याला ‘अपार्टमेंटला विरोध’ एवढेच म्हणतात.

इंग्रजीत अशा विरोधासाठी ‘निंबी’ हा आद्याक्षरी शब्द रूढ आहे. ‘आमच्या परसात नको’ असा त्याचा आशय. तो १९८० च्या सुमारास अमेरिकेत छापील मजकुरात दिसू लागला. आरंभी त्याचा रोख घातक कचरा व अणुप्रकल्प यांच्या जागांवर होता, घरबांधणीवर नव्हता. त्याच दशकात ब्रिटनमध्ये मंत्री निकोलस रिडली यांच्यामुळे तो राजकीय भाषेत स्थिरावला. अर्थशास्त्रज्ञ विल्यम फिशेल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, घर हीच बहुतेक कुटुंबांची सर्वांत मोठी पुंजी असल्याने घरमालक तिची किंमत घटवणाऱ्या बदलांविरुद्ध एकवटतात. दुसऱ्या मतानुसार विरोधाचे मूळ पाणी, गटार, रस्ता या सोयींवरील ताणात असते. बेळगावपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फिशेल यांच्या उपपत्तीमागे अमेरिकेतील स्थानिक मालमत्ताकरावर चालणाऱ्या शाळा आणि नगरांच्या हाती असलेले भूवापराचे अधिकार आहेत. बेळगावात हे दोन्ही नाही. शिवाय अपार्टमेंट उठल्याने शेजारच्या जागेचा भाव सहसा वाढतोच, आणि तरीही विरोध होतो.

टिळकवाडीची वस्ती नेमकी केव्हा आकाराला आली याविषयी सावधपणेच बोलावे लागते. नावाची दोन रूपे चालतात. ‘ठळकवाडी’ हे त्यांतले जुने असावे. ते तेथील हायस्कूलच्या नावात टिकून आहे. ‘टिळकवाडी’ हे रूप लोकमान्यांच्या स्मृतीशी जोडले जाते. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच होमरूल लीगची स्थापना केली, त्यामुळे हा संबंध स्वाभाविक वाटतो. मात्र आधीच्या नावाला नंतर दिलेले ते वळण असण्याची शक्यता अधिक. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस अधिवेशनाचा तळ, ‘विजयनगर’, याच परिसरात पडला होता. काँग्रेस विहीर व काँग्रेस रोड ही त्याची खूण. एवढा तळ मावला, म्हणजे तोवर येथे मोकळी जमीन विपुल होती. तेव्हा सलग वस्ती बव्हंशी त्यानंतरची मानावयास हरकत नाही. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ अशी वारांची नावे असली तरी घरे अंगण, विहीर आणि मागे आंबा-फणस अशा बेताची होती.

वादाचा तांत्रिक गाभा चटईक्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते या प्रमाणात, आहे. कर्नाटकात तो ‘एफएआर’ म्हणून ओळखला जातो आणि रस्ता जितका रुंद तितका तो वाढतो. उदाहरणादाखल निर्देशांक १.५ धरला, तर ५ गुंठ्यांच्या (५,४४५ चौ. फूट) भूखंडावर सुमारे ८,१६७ चौ. फूट बांधता येतात, म्हणजे ८०० चौ. फुटांच्या दहा सदनिका. वाहनांसाठी खाली सोडलेला स्टिल्टचा मजला साधारणतः या हिशेबात येत नाही. जिथे एक कुटुंब होते तिथे दहा आली. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण आणि घरटी चार माणसे धरली, तर केवळ या इमारतीस दिवसाला ५,४०० लिटर पाणी लागते. गटार मात्र बंगल्याच्या वेळचेच असते.

पाण्याचा प्रश्न येथे विशेष नाजूक आहे. शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल या जलाशयांतून पाणी येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ मध्ये चोवीस तास पुरवठा सुरू झाला तो काही प्रभागांत. इतरत्र नळाचा दिवस मोजूनच घर चालले. दुसरा आधार विहिरींचा. बेळगावचे पठार जांभ्या खडकाचे, सच्छिद्र. उथळ विहिरींनाही पाणी लागते. १९९० च्या दशकातील टंचाईनंतर महापालिकेने जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. अशा जमिनीत शेजारी तळघराचा खड्डा किंवा खोल बोअरवेल झाली की विहीर आटेल ही धास्ती अज्ञानातून आलेली नाही. जांभ्यातून पाणी जसे झिरपते तसे शोषखड्ड्यातील सांडपाणीही झिरपते.

कायद्याची घडण विरोधाला उशिरा जागे करणारी आहे. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम १९६१ चा; नियोजनाचे काम ‘बुडा’ म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, बांधकाम परवाना महापालिकेकडे. बृहत् आराखडा होताना आणि भूवापर बदलताना (कलम १४-अ) जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. पण निवासी पट्ट्यात निवासी इमारत नियमांत बसत असेल तर शेजाऱ्याला विचारण्याची तरतूद नाही. त्याला बातमी कळते ती जेसीबी दारात आल्यावर. मग निवेदन, नगरसेवकाकडे खेप, महापालिकेसमोर धरणे आणि शेवटी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम किंवा उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठापुढे (२००८ पासून फिरते, २०१३ पासून कायम) रिट, असा क्रम ठरून गेला आहे. तक्रार बहुधा दाटीबद्दल नसते, कारण दाटी बेकायदा नाही. ती सोडावयाची मोकळी जागा न सोडल्याबद्दल असते. निवासी इमारतींतील ५० टक्क्यांपर्यंतची अशी उल्लंघने दंड घेऊन नियमित करणारी ‘अक्रम-सक्रम’ योजना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगित केली.

सीमाभागात यात भाषेची अडचण भर घालते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि १९६३ च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभार कन्नडमध्ये होऊ लागला. नियमांची प्रत व हरकतींची सूचना कन्नडमध्ये, हरकत घेणारी वयस्क माणसे मराठी शाळांत शिकलेली. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र व राज्यांनी मान्य केलेले धोरण आहे, आणि मराठी परिपत्रकांची मागणी त्यावरच उभी आहे. घरासमोर काय बांधले जाणार हे न वाचता येणे हा अन्यायच आहे.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते. तेथील व वडगावातील विणकरांची घरे एकमेकांना खेटून, मागाची खोली धरून बांधलेली. येथे हरकत घेतात ते गल्लीचे पंच आणि युवक मंडळ. भिंतीला भिंत असल्याने एक घर पाडताना शेजारचे हादरते, हा मुख्य आक्षेप. वाटण्या होऊन भाऊ पुण्या-मुंबईला गेलेले, मागे राहिलेल्या एकाला घर सांभाळणे झेपत नाही. तो ते बिल्डरला देतो. विरोध करणारा आणि देणारा पुष्कळदा एकाच भावकीतला असतो. परक्या भाडेकरूंविषयीची नावडही काही वेळा या विरोधात मिसळते. तिला पाण्याच्या प्रश्नाइतके वजन देता येत नाही. शहापूर-वडगाव शिवारातून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याकाठी शेतकऱ्यांचा जमीन वाचवण्याचा झगडा याला लागून असला तरी वेगळा आहे.

कॅम्प भागात छावणी मंडळाच्या निर्बंधांमुळे बंगले टिकले व हा वाद उद्भवला नाही. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारींच्या जागांवर बांधकामाचा दाब आहे. खानापुरात इमारतींपेक्षा रानाकडेच्या भूखंडांचा प्रश्न मोठा आहे.