येशू दिसायला कसा होता? तसबिरीमागची दोन हजार वर्षं

सातारा, वाई किंवा मिरजेतल्या ख्रिस्ती घरात गेलात, तर बाहेरच्या खोलीत एक तसबीर बहुधा दिसेलच. खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, मऊ दाढी, उजेडाकडे लागलेले डोळे. आमच्या घरात ती आजीच्या वेळेपासून आहे. पण हीच घरं रविवारी ज्या चर्चमध्ये उपासनेला जातात, तिथली भिंत बऱ्याचदा कोरी असते, एक साधा लाकडी क्रूस तेवढा. या पट्ट्यात काम उभं केलं ते अमेरिकन मिशनऱ्यांनी. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन होतं. मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशन होतं आणि तिथेच डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं. कोरीव मूर्ती करू नको ही आज्ञा त्या परंपरेत फार काटेकोरपणे पाळली जाते. त्यामुळे चर्चमध्ये चित्र नाही, घरात मात्र आहे.

गेल्या नाताळात भाचीनं त्या तसबिरीकडे बघत विचारलं, "मामा, येशू गोरा होता का?" तिला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या न विचारताच राहिलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे चारही शुभवर्तमानांत, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांत, त्याच्या रूपाचं वर्णन नाही. उंची, रंग, केस, डोळे, काहीच नाही. आहेत त्या आडून मिळणाऱ्या खुणा, आणि त्या फार बोलक्या आहेत. गेथशेमाने बागेत त्याला धरायला आलेल्या लोकांना तो ओळखू यावा म्हणून त्याचा शिष्य यहूदा याला त्याचं चुंबन घ्यावं लागलं. म्हणजे बारा शिष्यांत तो वेगळा उठून दिसत नव्हता. पुनरुत्थानानंतर मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला. येशूला बघायला जक्कय नावाचा जकातदार उंबरावर चढला, कारण 'तो ठेंगणा होता'. यातला 'तो' म्हणजे जक्कय असंच आपण धरतो, पण मूळ ग्रीक वाक्यातला 'तो' येशूलाही लागू शकतो, असं काही अभ्यासकांनी दाखवलं आहे. प्रकटीकरणात लोकरीसारखे पांढरे केस आणि तापवलेल्या पितळेसारखे पाय येतात खरे, पण तो दृष्टान्त आहे.

वर्णन नाही म्हटल्यावर पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांनी जुन्या कराराचा आधार घेतला आणि तिथेच दोन पक्ष पडले. यशयाच्या ५३ व्या अध्यायातल्या सेवकाला रूप नाही, शोभा नाही. त्यावरून अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आणि टर्टुलियन म्हणाले की प्रभू दिसायला साधाच होता. दुसऱ्या शतकातल्या केल्सस नावाच्या टीकाकारानं तर हेच उचलून म्हटलं की हा माणूस ठेंगणा आणि कुरूप होता, मग देव कसा असेल? त्याला ओरिजेननं सविस्तर उत्तर दिलं. दुसऱ्या बाजूला ४५ वं स्तोत्र होतं. त्यातला राजा मानवजातीत सर्वांहून सुंदर आहे. जेरोमनं त्या बाजूनं कौल दिला. मला यात सर्वांत प्रामाणिक वाटतो तो ऑगस्टीन. प्रभूचा चेहरा एकच होता, पण लोक आपापल्या मनात तो असंख्य प्रकारे कल्पितात आणि तो खरा कसा होता हे आपल्याला माहीत नाही, असं त्यानं सरळ लिहून ठेवलं.

चित्रांचा इतिहासही असाच आहे. सीरियातल्या ड्युरा-युरोपस गावी एका घरातच भरणारं चर्च उत्खननात सापडलं. तिथलं साधारण इसवी सन २३५ चं भित्तिचित्र हे येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक. त्यात पक्षाघाती माणसाला बरं करणारा येशू तरुण आहे, केस आखूड, दाढी नाही. रोमच्या भुयारी दफनभूमीत तो मेंढपाळाच्या रूपात येतो, तोही दाढीविना. इटलीतल्या राव्हेन्ना गावी सहाव्या शतकातलं एक चर्च आहे. त्याच्या भिंतीवर चमत्कार करणारा येशू सफाचट आहे आणि क्रूसाकडे जाणारा दाढीवाला. एकाच चर्चमध्ये दोन चेहरे, आणि त्या काळच्या लोकांना त्यात काही खटकलं नाही.

मग लांब केस आणि दाढी कशी जिंकली? रोमन जगात झ्यूस, सेरापिस या देवांचं रूप असंच होतं, लांब केसांचं, भरघोस दाढीचं, भारदस्त. हे साम्य त्या काळीही लोकांना बोचत होतं. थिओडोर लेक्टर या सहाव्या शतकातल्या लेखकानं एक गोष्ट नोंदवली आहे. एका चित्रकारानं ख्रिस्त झ्यूससारखा रंगवला आणि त्याचा हात वाळून गेला. पुढे त्यानं लिहिलंय की आखूड कुरळ्या केसांचं रूपच अधिक खरं. सातव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसऱ्या जस्टिनियननं नाण्यावर लांब केसांचा ख्रिस्त छापला. तो पदच्युत झाला आणि पुन्हा गादीवर आल्यावर त्याच्या नाण्यावर आखूड कुरळ्या केसांचा ख्रिस्त आला. म्हणजे निकाल तेव्हाही लागलेला नव्हता. पुढे मूर्तिभंजनाचं शतकभराचं भांडण झालं, ७८७ च्या निकेयाच्या परिषदेनं चित्रांना मान्यता दिली, ८४३ मध्ये ती कायमची परत आली आणि लांब केसांचा चेहरा पक्का बसला.

त्याला पुरावेही जोडले गेले. लेंटुलस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचं म्हणून एक पत्र मध्ययुगात फिरत होतं. त्यात केसांच्या रंगापासून दुभंगलेल्या दाढीपर्यंत सगळं वर्णन होतं. ते बनावट असल्याचं इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लानं पंधराव्या शतकातच सांगितलं, पण तोवर ते चित्रकारांच्या हाती पोचलं होतं. येशूचं शव ज्यात गुंडाळलं असं मानतात त्या ट्युरिनच्या कफनाची १९८८ साली कार्बन चाचणी झाली, तेव्हा कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं.

लांब केसांच्या विरुद्ध सर्वांत जुना साक्षीदार खुद्द नव्या करारातच आहे. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो की पुरुषानं केस वाढवणं त्याला लाजिरवाणं आहे. आपला प्रभूच लांब केसांचा असता, तर पौल असं लिहिता का? यावर कुणी म्हणतं की येशू नाजीर, म्हणजे देवाला वाहून घेतलेला व्रतस्थ यहुदी, होता आणि नाजीर केस कापत नाहीत. पण नाजीर वेगळा आणि नासरेथकर, म्हणजे नासरेथ गावचा, वेगळा. नाजीर द्राक्षारसाला शिवत नसे. येशूवर तर खादाड आणि दारुडा असल्याचा आळ घेतला गेला होता.

आणि चित्रांतला तो पायघोळ पांढरा झगा? लांब झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांपासून जपा, असं मार्काच्या शुभवर्तमानात येशू स्वतः बजावतो. जोन टेलर या अभ्यासक बाईंनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात या धाग्यावरून गुडघ्यापर्यंतचा, न रंगवलेल्या लोकरीचा अंगरखा सुचवला आहे. त्यांच्या अंदाजानं उंची १६६ सेंटिमीटरच्या आसपास, गव्हाळ-सावळी कातडी, काळेभोर आखूड केस. त्याआधी २००१ मध्ये ब्रिटनच्या रिचर्ड नीव्ह यांनी त्या प्रदेशातल्या पहिल्या शतकातल्या एका कवटीवरून चेहरा उभा केला होता. रुंद नाक, आखूड कुरळे केस. तो येशूचा चेहरा नव्हे. फार तर त्याच्या एखाद्या शेजाऱ्याचा.

मग आमच्या तसबिरीतला गोरा चेहरा कुठून आला? शिकागोच्या वॉर्नर सॅलमननं १९४० साली तो तैलरंगात काढला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या खिशात मावणाऱ्या प्रती सैनिकांना वाटल्या गेल्या आणि आजवर पन्नास कोटींहून जास्त प्रती छापल्या गेल्याचं सांगतात. आपल्याकडच्या वाचकाला हे नवं वाटू नये. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं बघायला आपण जातोच. १८९४ मध्ये त्याचा छापखाना सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती कशा दिसतात हे घराघरांत ठरून गेलं. लक्ष्मी म्हणजे कमळावर उभी, नऊवारीत, रविवर्म्याच्या नजरेतली. छापील कागदाची ताकद एवढी असते.

रंगाचा वाद मात्र निरुपद्रवी नव्हता. जर्मनीत १९३९ साली आयसेनाखला एक संस्थाच काढली गेली. येशू यहुदी नव्हताच हे तिला सिद्ध करायचं होतं. वाल्टर ग्रुंडमान हा तिचा प्रमुख. येशूबद्दल जी गोष्ट सर्वांत ठाम आहे, तो यहुदी होता ही, तीच पुसण्याचा हा घाट होता. ते वाचताना आजही संताप येतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये १९६७ साली कृष्णवर्णीय मरीयेचं, म्हणजे येशूच्या आईचं, चित्र लागलं, ते गोऱ्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर होतं. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी त्याच्या शंभर वर्षं आधी, १८६६ मध्ये, येशू आशियाचा होता हे भर सभेत इंग्रजांना ऐकवलं. मूळ गोव्याचे आणि पुण्याच्या ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमात राहणारे चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मरीयेला साडी नेसवली, येशूला इथल्या मातीचा केला. त्यावर गोव्यातले धर्मगुरू रागावले. अमेरिकन येशू चालला, गोमंतकीय नाही.

साताऱ्याचं या सगळ्यात स्वतःचं एक पान आहे. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहिले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. अंगावर संन्याशाची वस्त्रं होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. आई कशी दिसते असं मूल विचारत नाही, ते तिला हाक मारतं. म्हणूनच की काय, टिळकांच्या पदांत नात्याचे शब्द पानोपानी भेटतात आणि नाक-डोळे शोधावे लागतात.

भाचीला मी सांगितलं, "तो यहुदी होता, उन्हात राबणारा सुतार होता. आपल्या शेतात काम करणाऱ्या माणसांसारखा रापलेला असणार." तिनं तसबिरीकडे पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "मग हे चित्र भिंतीवरून काढून टाकायचं का?" आजी म्हणाली, "राहू दे. पण शेजारी टिळकांचा अभंग लाव."