दाब उतरला, तरी नजर का जाते?

काचबिंदू म्हणजे डोळ्याचा दाब वाढणे, ही समजूत इतकी पक्की आहे की दाब ठीक निघाला की रुग्ण निर्धास्त होतो. तिला कारणही तसेच आहे. १८५७ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी बुबुळातल्या रंगीत पडद्याचा छोटासा तुकडा काढून तीव्र काचबिंदूवर इलाज होतो हे दाखवले. पुढे १९०५ मध्ये नॉर्वेच्या यालमार श्योट्झ यांनी दाब मोजायचे सुटसुटीत उपकरण आणले. आजाराला आकडा मिळाला आणि त्या आकड्यालाच लोक आजार मानू लागले.

पण हिशोब जुळत नव्हता. कित्येकांचा दाब २१ मिमी पारा या नेहमीच्या कमाल मर्यादेवर कधीच जात नाही, तरी दृष्टीची नस सुकते. उलटही घडते. २००२ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दाब वाढलेल्या, पण औषध न घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत ९.५ टक्के लोकांनाच काचबिंदू झाला. थेंब घालणाऱ्यांत हे प्रमाण ४.४ टक्के. म्हणजे दाब उतरवण्याचा फायदा निर्विवाद, पण सगळा दोष दाबाचा नव्हे.

प्रतिकारशक्तीवर मात्र बराच काळ कुणी संशय घेतला नाही. १९४८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत दुसऱ्या सशाची त्वचा बसवली. एरवी शरीर असा परका तुकडा टाकून देते. तिथे तो, नव्या रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत, टिकला. डोळ्याला प्रतिकारशक्तीपासून सवलत आहे, असे मानले जाऊ लागले.

१९९०च्या दशकात अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ मार्टिन वॅक्स आणि सहकाऱ्यांना दाब न वाढलेल्या काचबिंदूच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. ती आजाराचे कारण की परिणाम, हा वाद लगेच उभा राहिला, आणि तो रास्तच होता.

वादाला वळण दिले ते २०१८ मधल्या बोस्टन परिसरातल्या प्रयोगांनी. एमआयटी आणि हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी उंदरांच्या डोळ्याचा दाब काही काळापुरता वाढवला. दाब पूर्ववत झाला, तरी दृष्टिपटलातल्या चेतापेशी मरतच राहिल्या, कारण तोवर टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, आत शिरल्या होत्या. टी-पेशीच नसलेल्या उंदरांत सुरुवातीचे थोडे नुकसान झाले आणि तिथेच थांबले. खरी मेख पुढे आहे. या टी-पेशींचे लक्ष्य होते हीट शॉक प्रोटीन. ताण आला की पेशी ही प्रथिने तयार करतात, आणि जिवाणूंकडेही जवळपास तशीच असतात. आतड्यातल्या जिवाणूंशी गाठ पडून तयार झालेल्या टी-पेशी दाबाने वाट मोकळी होताच डोळ्यातल्या चेतापेशींवर तुटून पडत असाव्यात, असा संशोधकांचा निष्कर्ष. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना दाब वाढवूनही काचबिंदू झाला नाही. रुग्णांच्या रक्तातही अशा टी-पेशी निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळल्या.

मग प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देऊन मोकळे का होऊ नये? इथे इस्रायलच्या शास्त्रज्ञ मिखाल श्वार्ट्झ यांचे १९९९ मधले काम आडवे येते. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांची (रॅट) दृष्टीची नस चिरडून त्यांना स्वतःच्याच मज्जावरणाविरुद्धच्या, म्हणजे नसेच्या तंतूंवरच्या आवरणाविरुद्धच्या, टी-पेशी टोचल्या, तर चेतापेशी जास्त वाचल्या. मारणाऱ्या आणि वाचवणाऱ्या पेशी वेगळ्या कशा काढायच्या हे अजून उमगलेले नाही, म्हणून दवाखान्यात आजही दाब उतरवणारे थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया हेच उपाय दिले जातात.