धरणातून पाणी कधी, किती सोडलं? माहिती अधिकारात नोंदी मागवण्याची रीत

जुलैत बातमी येते: मुंबईला पाणी पुरवणारं मोडक सागर धरण भरलं, दरवाजे उघडले. जूनभर पाणीकपात सोसलेल्या सोसायटीत लगेच विचारणा होते, मग पाणी सोडलं कशाला? कुर्ल्यात मिठी नदीकाठी राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. विहार तलाव ओसंडला तेव्हा वस्तीला कळवलं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरं शोधायची जागा म्हणजे धरणावरची नोंदवही. ती बघण्याचा हक्क माहिती अधिकार कायदा, २००५ देतो.

अर्जाआधी एक हिशेब समजून घ्या. मुंबईच्या सात जलाशयांची मिळून उपयुक्त साठवण १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. १ ऑक्टोबरला ती पूर्ण भरलेली असेल तर वर्ष निभावतं. पण जुलैतच धरण काठोकाठ भरलं आणि मागून येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, चालूच राहिला, तर आलेलं पाणी तसंच पुढे सोडावं लागतं. म्हणून कोणत्या पंधरवड्यात पातळी कुठपर्यंत ठेवायची, हे आधी ठरवतात. त्या कागदाला जलाशय परिचालन आराखडा म्हणतात. सोडलेलं पाणी, म्हणजे विसर्ग, क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) मोजतात. हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर सुमारे २,४४७ दशलक्ष लिटर पाणी जातं, म्हणजे मुंबईच्या रोजच्या पुरवठ्याच्या निम्म्याहून जास्त.

अर्ज कुठे करायचा, इथे सगळ्यात जास्त चूक होते. तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी महापालिकेचे आहेत. त्यांच्यासाठी अर्ज जल अभियंता खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा राज्याच्या जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत. पाणी मुंबईला येत असलं तरी त्यांच्या दरवाजांच्या नोंदी पालिकेकडे मागू नयेत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तरी वेळ जातोच.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो. धरणाजवळ राहायला हवं किंवा नुकसान झालेलं असायला हवं, अशी अट नाही. माहिती कशासाठी हवी, हेही सांगावं लागत नाही. मात्र हक्क नागरिकाचा आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर फक्त 'अध्यक्ष' अशी सही करून अर्ज देऊ नका. स्वतःचं नाव आणि पत्ता लिहा.

कागदपत्रं मोजकीच लागतात. जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे, त्यासाठी दाखल्याची प्रत जोडावी. राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, असा महाराष्ट्राचा नियम आहे. दोन धरणांसाठी दोन अर्ज करणंच बरं.

आता मजकूर, कारण अर्ज टिकतो की पडतो ते इथेच ठरतं. 'पाणी का सोडलं?' असं मी पहिल्या अर्जात विचारलं होतं. 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं. राग आला, पण कायद्यानं माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला कागद. अधिकाऱ्याचं स्पष्टीकरण नव्हे. दुसऱ्यांदा असं लिहिलं:

'मोडक सागर धरणाबाबत (तारीख) सकाळी ६ पासून पुढील ४८ तासांच्या काळातील पाणीपातळी, येवा व विसर्ग यांच्या तासवार नोंदींच्या प्रती. उघडलेल्या दरवाजांची संख्या, उंची व वेळ दाखवणाऱ्या नोंदवहीच्या पानांच्या प्रती. विसर्गापूर्वी जिल्हाधिकारी, तहसीलदार व पोलीस यांना पाठवलेल्या इशारापत्रांच्या प्रती. त्या वर्षीच्या मंजूर जलाशय परिचालन आराखड्याची प्रत.'

या चार कागदांत सगळं येतं. पातळी आराखड्यापेक्षा किती वर होती, पाणी एकदम सोडलं की टप्प्याटप्प्यानं, इशारा दरवाजा उघडण्याआधी गेला की नंतर, हे वेळा शेजारीशेजारी ठेवल्या की आपलं आपल्याला दिसतं. आराखडाच नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी येईल, आणि माझ्या मते तेही फार मोलाचं उत्तर आहे.

विहार आणि तुळशीसाठी मजकूर बदला. तुळशी भरला की सांडव्यावरचं पाणी विहारमध्ये येतं, विहार भरला की मिठीत. पाणी सांडव्यावरून आपोआप वाहतं, म्हणून तिथे 'दरवाजे कधी उघडले' विचारलंत तर हाती काही लागणार नाही. ओसंडून वाहू लागल्याची तारीख, वेळ, त्या वेळची पातळी आणि आपत्कालीन कक्षाला दिलेला संदेश मागा. विहारची भरून वाहण्याची पातळी ८०.१२ मीटर आहे, ती समोर ठेवून आकडे वाचा.

प्रतींना पानामागे दोन रुपये पडतात. पानं खूप असतील तर आधी अभिलेख पाहणी, म्हणजे कार्यालयात जाऊन नोंदी स्वतः बघणं, मागा. पहिला तास मोफत असतो. जाताना पेन्सिल न्या, कारण राज्याच्या नियमाप्रमाणे पाहणीच्या टेबलावर पेन चालत नाही. पावसात लिहिलेल्या पानांवर शाई पसरलेली असते, तिथे आकडा दोनदा ताडून मगच उतरवा.

उत्तराची मुदत तीस दिवस. मुदत उलटल्यावर मिळालेली माहिती मोफत द्यावी लागते. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या स्टॅम्पसह अपील करा. तिथेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, स्टॅम्प पुन्हा वीसचाच. त्याला मूळ अर्ज, मिळालेलं उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश यांच्या प्रती जोडायच्या असतात. म्हणून पहिला अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.