‘परवडणारं’ उपनगर: ३० टक्क्यांच्या मापाची पार्श्वभूमी

नोकरी शहरात आणि घर शहराबाहेरच्या स्वस्त गावात, हा हिशेब मांडायला बसलेलं कुटुंब बहुतेक वेळा एकाच आकड्यापासून सुरुवात करतं: घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. एजंट तो सांगतो, कर्ज देणारा सांगतो, गृहनिर्माणावरच्या अहवालांतही तोच असतो. मुळात हा आकडा कोणासाठी ठरला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. माणूस दिवसाकाठी प्रवासाला सरासरी तासभर देतो, असं वाहतुकीच्या अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांत आढळलं. पायी चालणाऱ्यांचं शहर त्यामुळे मध्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर संपायचं. आगगाडी आली, तास तेवढाच राहिला आणि अंतर वाढलं. पण सुरुवातीच्या आगगाडीचं भाडं मजुराच्या आवाक्यातलं नव्हतं. गावाबाहेर राहून शहरात काम करणं ही पैसेवाल्यांची चैन होती.

हे बदललं ते लंडनमध्ये. शहराच्या मध्यापर्यंत रूळ आणि स्टेशनं आणताना गरिबांच्या वस्त्या पाडल्या गेल्या. उठवलेली माणसं कुठे राहणार, या प्रश्नावर संसदेने १८६४ मध्ये पूर्वेकडच्या एका रेल्वे कंपनीला अट घातली: एडमंटन आणि वॉल्थमस्टोहून मजुरांसाठी पहाटेची गाडी सोडायची आणि जाऊन-येऊन दोन पेन्स घ्यायचे. १८८३ च्या कायद्याने अशा गाड्यांची सक्ती सगळ्याच कंपन्यांवर करण्याची सोय झाली आणि स्वस्त तिकिटांवरचा करही उठला. वॉल्थमस्टोची वस्ती १८७१ मध्ये सुमारे ११ हजार होती, १९०१ मध्ये ती ९५ हजारांवर गेली. त्याच पूर्वेकडच्या कंपनीच्या व्यवस्थापकाने चौकशी आयोगापुढे तक्रारीच्या सुरात सांगितलं की स्वस्त गाड्यांपायी त्या भागातली चांगली घरं एकामागून एक पडत गेली. परवडणारं उपनगर जन्माला आलं ते एका तिकिटाच्या दरातून, हे इथे लक्षात ठेवावं. घराची किंमत नंतर आली.

त्या दोन पेन्सांना एक पोटअट होती. मजुरांची गाडी भल्या पहाटेच शहरात पोचायची, कारण नंतरच्या गाड्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशांसाठी राखून ठेवलेल्या. बांधकामावरच्या गड्याला ती वेळ सोयीची होती. शिवणकाम करणाऱ्या, कारखान्यात किंवा कचेरीत जाणाऱ्या मुलींचं काम त्यानंतर तास-दोन तासांनी सुरू व्हायचं. हिवाळ्यात, पावसात त्या रस्त्यावर ताटकळत उभ्या राहायच्या. शेवटी स्टेशनजवळच्या एका चर्चने त्यांच्यासाठी पहाटेच दार उघडायला सुरुवात केली. तिकीट स्वस्त होतं, आणि त्याची उरलेली किंमत या मुली वेळेत भरत होत्या. ही किंमत कुठल्याच हिशेबात आली नाही. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते.

आता तो आकडा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक बोलीतला ठोकताळा होता: आठवड्याचा पगार म्हणजे महिन्याचं भाडं. म्हणजे साधारण पाव हिस्सा. तो कुणी शास्त्राने काढलेला नव्हता, लोकांच्या वागण्यावरून पडलेला होता. पुढे १९६९ मध्ये तिथल्या कायद्यात सरकारी घरांच्या भाड्यावर मर्यादा आली: गरीब भाडेकरूकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. हेतू संरक्षणाचा होता, कारण भाडी वाढत होती आणि काही कुटुंबांचा निम्माअधिक पैसा त्यातच जात होता.

मग १९८१ आलं. सरकारी खर्च कापायचा होता आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी कायद्यात २५ चे ३० झाले. गरिबांना आता जास्त परवडतं असं कुणी दाखवून दिलं नव्हतं. तिजोरीवरचा भार थोडा कमी झाला आणि तेवढाच भाडेकरूच्या खिशावर वाढला. बाजू घेणारे म्हणाले की अनुदान मर्यादित आहे, प्रत्येकाने थोडं जास्त दिलं तर ते अधिक जणांना पुरेल. या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. पण मला यातली खरी हानी पुढे झालेली दिसते. सरकारी घरातल्या गरीब भाडेकरूकडून किती घ्यायचं याची ही सीमा हळूहळू सगळ्यांसाठीच ‘परवडण्याची’ व्याख्या होऊन बसली. आकडेवारीत ३० टक्क्यांच्या वर जाणारं कुटुंब ‘बोजाखालचं’, आत राहणारं सुखरूप. मध्यमवर्गीय घर घेणाऱ्याला तोच आकडा, मोठ्या पगारवाल्यालाही तोच. लहान पगारातून ३० टक्के गेल्यावर हातात काय उरतं आणि मोठ्या पगारातून गेल्यावर काय उरतं, हा फरकही त्यात नाहीसा झाला.

आणि प्रवास? तो या व्याख्येत कधीच नव्हता. सरकारी घरातल्या त्या भाडेकरूने राहायचं गाव निवडलेलं नव्हतं, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. लांबचं गाव निवडणाऱ्या कुटुंबापुढे मात्र तोच मुख्य प्रश्न असतो.

इथे मराठी शब्द जास्त शहाणा आहे असं मला मनापासून वाटतं. ‘तिथून रोज येणं-जाणं परवडत नाही’ असं म्हणणारा माणूस फक्त तिकिटाबद्दल बोलत नसतो. त्यात झोप असते, पाळणाघर बंद व्हायची वेळ असते, आजारी मुलाला शाळेतून आणायला कुणी पोचेल का ही धास्ती असते. बोलण्यातल्या ‘परवडणं’मध्ये हे सगळं येतं. अहवालातल्या ‘परवडणारं’मध्ये फक्त घर येतं.

उदाहरणच घ्यायचं तर, समजा जवळच्या घराला उत्पन्नाचे ३८ टक्के लागतात आणि प्रवासाला ४. लांबच्या घराला २७ टक्के, पण दोघांचे पास, स्टेशनपर्यंतची गाडी आणि पाळणाघराचे जादा तास धरून १७. पहिलं घर मापात नापास होतं, दुसरं पास. बेरीज मात्र ४२ आणि ४४. शिवाय लांबच्या घरातून एका वेळेला दीड तास म्हणजे दिवसाचे तीन, २२ दिवसांचे ६६ तास. कामाचे आठ दिवस भरून निघतील एवढे, दर महिन्याला, आणि तेही एकट्याचे.

युद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कबाहेर लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा हे जाणवलं नाही, कारण पेट्रोल स्वस्त होतं आणि माजी सैनिकांना आगाऊ रक्कम न भरताही कर्ज मिळत होतं. (कृष्णवर्णीयांना तिथे घर नाकारलं जात होतं, हेही ‘परवडण्या’च्या इतिहासात नोंदलेलं असावं.) पुढे तिथे एक म्हणच पडली: कर्ज मंजूर होईल इतक्या लांब गाडी हाकत राहा. २००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं आणि त्याच सुमाराला घरांवर जप्त्या येत होत्या. मूळ दोष बेजबाबदारपणे वाटलेल्या कर्जांचा होता. तरी शहरापासून लांबच्या वसाहतींना फटका अनेक ठिकाणी जास्त बसला, कारण तिथल्या कुटुंबांचा दुसरा मोठा खर्च गाडीच्या टाकीत जात होता आणि तो कुणी मोजलाच नव्हता.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या एका बिगरसरकारी संस्थेने घर आणि प्रवास एकत्र धरून ४५ टक्क्यांचं माप सुचवलं. ३० च्या मापाने परवडणाऱ्या ठरलेल्या कितीतरी वस्त्या या मापाने यादीबाहेर गेल्या. यातही वेळ धरलेला नाही, पण निदान दिशा बरोबर होती. बँकांच्या फॉर्मवर ते फारसं पोचलं नाही.

गेल्या काही वर्षांत पुन्हा तिकिटाकडेच लक्ष वळलं आहे. पॅरिसच्या परिसरात सप्टेंबर २०१५ पासून मासिक पासाचे अंतरानुसार ठरणारे टप्पे जाऊन सगळ्यांना एकच दर झाला. लांब राहणाऱ्यांचे पैसे वाचले. टीका झाली की यामुळे लोक आणखी लांब जातील आणि जवळचे प्रवासी लांबच्यांचा खर्च उचलतील. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने, महिना ९ युरोंत, देशभर स्थानिक गाड्या खुल्या केल्या आणि मे २०२३ पासून नियमित मासिक पास आणला, सुरुवातीला ४९ युरोंचा.

२०२० च्या महासाथीने दुसराच गुंता केला. घरून काम करता येतं म्हणून अनेक कुटुंबं लांब गेली, आणि नंतर कचेऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस परत बोलावलं. मासिक पासाचा दर मात्र रोज ये-जा करणारा माणूस गृहीत धरून ठरलेला असतो. इंग्लंडमध्ये जून २०२१ मध्ये २८ दिवसांत कुठल्याही ८ दिवसांचा पास निघाला तो याचसाठी. ज्यांना नवव्या दिवशी बोलावलं जातं त्यांना पुन्हा वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि तो नववा दिवस कुठला हे घर घेताना माहीत नसतं.