विमान-छायाचित्रणाची वाळवंटी ठिकाणे

लष्करी विमानांची सराव-उड्डाणे सर्वसामान्य माणसाला कायद्याच्या चौकटीत राहून जवळून पाहता आणि टिपता येतील, अशा निर्जन, कोरड्या प्रदेशातील उंच जागा. अशा जागांची चर्चा प्रामुख्याने अमेरिकेतील कॅलिफोर्निया व नेव्हाडा या राज्यांच्या संदर्भात होते. तेथे वस्ती विरळ आणि आकाश बहुतेक दिवस निरभ्र असल्यामुळे लष्कराने आपली विस्तीर्ण सरावक्षेत्रे या वाळवंटातच आखली. शिवाय नेव्हाडातील सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची असून तिच्या मोठ्या भागात नागरिकांना मुक्तपणे फिरता येते, त्यामुळे सरावक्षेत्राच्या अगदी हद्दीपर्यंत जाऊन उभे राहणे शक्य होते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम सीमेजवळची रेनबो कॅन्यन ही दरी. लाल, करड्या आणि गुलाबी छटांच्या ज्वालामुखीजन्य खडकांमुळे ती ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील टॅटूइन या ग्रहासारखी भासते. म्हणून हौशी मंडळींनी तिला ‘स्टार वॉर्स कॅन्यन’ म्हटले, तर वैमानिकांमध्ये तिच्यातून जाणारा मार्ग ‘जेडाय ट्रान्झिशन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. राज्य महामार्ग १९० वरून फादर क्राउली व्हिस्टा पॉइंट या थांब्यावर गाडी लावली की काही मिनिटांत दरीचा कडा गाठता येतो. या भागावरील आकाश ‘आर-२५०८’ या लष्करी हवाई संकुलात मोडते. एडवर्ड्स हा हवाई दलाचा तळ आणि चायना लेक व लमूर हे नौदलाचे तळ येथून पल्ल्यात असल्याने, भूप्रदेशाचा आडोसा घेत खालून उडण्याचा सराव येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालत आला. हा परिसर १९९४ साली राष्ट्रीय उद्यानात आला, तेव्हाही संबंधित कायद्याने लष्कराच्या कमी उंचीवरील उड्डाणांना बाधा येऊ दिली नाही.

दरीचे खरे वैशिष्ट्य तिच्या रंगांत नव्हे, तर पाहणाऱ्याच्या उंचीत होते. जमिनीवरून विमान टिपताना सामान्यतः त्याचे पोट आणि मागे रिकामे आकाश एवढेच चौकटीत येते. येथे मात्र जमिनीपासून अवघ्या २०० फुटांपर्यंत (सुमारे ६० मी.) खाली येऊन उडणारी लढाऊ विमाने कड्यावरच्या माणसाच्या नजरेखालून जात, त्यामुळे पंखांची वरची बाजू, काचेचे छत आणि त्यातील वैमानिकाचे शिरस्त्राण स्पष्ट दिसे. मागून सरकणाऱ्या खडकांमुळे वेगाचाही अंदाज येई. कधी कधी वैमानिक कड्यावरच्या लोकांना हात करीत. वेल्समधील ‘मॅक लूप’ या हिरव्यागार डोंगराळ भागातही असेच वरून दर्शन घडते. वाळवंटात ते देणारी इतकी सोयीची दुसरी जागा क्वचितच सापडेल.

उड्डाणांचे वेळापत्रक जाहीर होत नसे. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाळून कामाच्या दिवशी सकाळपासून सावलीविना बसून राहायचे, एवढेच हाती असे, आणि एकही विमान न आलेला दिवसही पदरी पडे. दरीच्या भिंतींमुळे आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून अनेकजण लष्करी संभाषण ऐकण्यासाठी रेडिओ स्कॅनर जवळ बाळगत. विमान दृष्टिपथात असे ते काही सेकंदच.

३१ जुलै २०१९ रोजी लमूर येथील नौदलाचे एफ/ए-१८ई सुपर हॉर्नेट विमान दरीच्या भिंतीवर आदळले. त्यात वैमानिकाचा मृत्यू झाला आणि थांब्यावर असलेले सात पर्यटक जखमी झाले. त्यानंतर तेथील सराव थांबवण्यात आला आणि पुढे विमानांना दरीच्या कड्यापासून किमान १,५०० फूट (सुमारे ४५० मी.) वर राहण्याचे बंधन घालण्यात आले. कडा, रस्ता आणि खडक जागच्या जागी आहेत. परंतु विमान आता पुन्हा डोक्यावरून जाते आणि छायाचित्रणाच्या दृष्टीने हे स्थळ इतर शंभर स्थळांसारखेच झाले आहे.

अशी जागा नव्याने शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे अमेरिकेच्या नागरी हवाई प्रशासनाचे वैमानिक नकाशे. त्यांवर लष्करी प्रशिक्षणमार्ग क्रमांकासह छापलेले असतात. डोळ्यांनी पाहून उडण्याच्या मार्गांना ‘व्हीआर’ ही खूण असते. ज्या मार्गाचा एकही टप्पा जमिनीपासून १,५०० फुटांच्या वर जात नाही त्याला चार अंकी क्रमांक मिळतो, आणि एखादा जरी टप्पा त्याहून उंच असला तर तीन अंकी. म्हणजे छायाचित्रकाराला रस आहे तो चार अंकी क्रमांकांत. हा मार्ग समोच्च रेषांच्या नकाशावर ठेवून तो कोणत्या खिंडीत अरुंद होतो, तिथे सार्वजनिक जमीन आहे का आणि त्या वेळी सूर्य पाठीशी राहील का, हे पाहावे लागते.

नेव्हाडातील परिस्थिती वेगळी आहे. नेलिस या हवाई दलाच्या तळावरून १९७५ पासून होणाऱ्या ‘रेड फ्लॅग’ या हवाई युद्धसरावात अनेक देशांची विमाने भाग घेतात. २००८ साली भारतीय हवाई दलाची सुखोई-३० एमकेआय विमानेही तेथे गेली होती. राज्य महामार्ग ३७५ वरील रेचेल या चिमुकल्या वस्तीजवळची कोयोटी समिट ही खिंड सरावाच्या काळात प्रेक्षकांच्या आवडीची आहे. तेथे विमाने उंच व दूर असतात, त्यामुळे लांब पल्ल्याची लेन्स लागते; आणि तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की महागड्या लेन्सचाही उपयोग राहत नाही. स्पष्ट चित्र हवे असेल तर सकाळची वेळच धरावी लागते. ग्रूम लेक (‘एरिया ५१’) या गुप्त तळाकडे पाहणाऱ्या फ्रीडम रिज व व्हाइट साइड्स या जवळच्या टेकड्या १९९५ मध्ये हवाई दलाने ताब्यात घेतल्या. तेव्हापासून त्या तळाचे दर्शन सुमारे ४० किमी. अंतरावरील टिकाबू शिखरावरून घ्यावे लागते.

भारतात थरच्या वाळवंटातील पोखरण येथे हवाई दलाचा ‘वायुशक्ती’ सराव होतो. मात्र तो निमंत्रित पाहुणे व पत्रकार यांच्यासमोर होतो. निषिद्ध लष्करी ठिकाणांच्या चित्रणाला १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होऊ शकतो, त्यामुळे अमेरिकेप्रमाणे सरावक्षेत्राच्या हद्दीवर कॅमेरा रोवून बसण्याची हौस येथे रुजलेली नाही.